वळचणीतली लोकर

सिरिल लंबचं वाटोळं व्हावं असं आमच्या ओळीत बऱ्याच जणांना वाटायचं, पण त्यासाठी अंग मोडून मेहनत घेतली ती एकट्या एनिडनं. मी फक्त शिडी धरली. त्याबद्दल मला कुणी दोष दिला तर मी आजही म्हणेन, शिडी मी पुन्हा धरीन.

आमची ओळ म्हणजे गिरणीच्या वरच्या चढावर एकमेकांना चिकटून उभी असलेली दगडी घरं. मी हेटी, सात नंबरात राहते. नऊ नंबरात एनिड सग्डेन. अकरा नंबरात सिरिल आणि त्याची थेल्मा. माझं छप्पर वेगळं आहे, पण नऊ आणि अकराचं एकच. गिरणीच्या मालकानं घरं बांधली तेव्हा मधली भिंत खोल्यांच्या छतापर्यंत आणून थांबवली आणि वरचा दगड वाचवला. त्यामुळे एनिडच्या पोटमाळ्यावर चढलं की तुळयांवरून रांगत रांगत थेट सिरिलच्या बेडरूमवर पोचता येतं. या दोन घरांत कुणी शिंकलं तरी दुसरीकडे कळतं.

एनिडचा नवरा विल्फ आणि सिरिल, दोघेही डेलियावाले. आमच्याकडे गिरणीतून निवृत्त झालेला माणूस एक तर कबुतरं पाळतो नाही तर डेलिया लावतो, आणि दोन्हींत बायकोकडे लक्ष द्यायला वेळ उरत नाही. विल्फचं तसं नव्हतं. त्यानं बियांपासून एक नवा डेलिया काढला होता. चेंडूसारखा गोल, वाळलेल्या रक्तासारखा काळपट लाल, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला रुपेरी काठ. पहिल्यांदा फुलला तेव्हा त्यानं मला भिंतीवरून हाक मारून दाखवला. मला फुलांतलं काही कळत नाही, पण मी हातातलं धुणं तसंच टाकून बघत उभी राहिले होते.

नव्या डेलियाला बायकोचं नाव द्यायचं अशी इथली रीत. पण नाव ठेवायचं ते फूल सप्टेंबरच्या प्रदर्शनात पहिलं आल्यावर. त्याआधी ते नुसतं तोंडातून काढणंसुद्धा अपशकुन. म्हणून विल्फनं नाव ना कुठं लिहिलं, ना कुणाला सांगितलं. डेलियावाल्यांच्या क्लबात विचारलं तर म्हणायचा, 'ती अजून तयार व्हायची आहे.' सगळ्यांना कळायचं ती म्हणजे कोण. एनिड लाजायची, एवढी सहासष्ट वर्षांची बाई.

मग विल्फच्या छातीत गिरणीची धूळ उठली. वसंतात त्याला कुदळ उचलवेना. त्यानं त्या डेलियाच्या मुळांचे, म्हणजे कंदांचे, झुबके भिंतीवरून सिरिलच्या हातात दिले आणि या वर्षी तू लाव म्हणाला. सिरिलनं लावले. जुलैत विल्फ गेला. सप्टेंबरात प्रदर्शनाच्या तंबूत मी हॅम सँडविच कापत होते आणि समोरच्या फळीवर ते फूल होतं, शेजारी पहिल्या बक्षिसाचं लाल कार्ड, आणि दुसऱ्या कार्डावर सिरिलच्या किरट्या अक्षरात लिहिलेलं: 'नवीन जात. थेल्मा लंब.'

एनिड काळ्या कोटात आली होती. तिनं कार्ड वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"सिरिल," ती म्हणाली, "हे विल्फचं फूल आहे."

"विल्फनं मला मुळं दिली, बाई," सिरिल म्हणाला. "फूल मी आणलं. फळीवर जो आणतो त्याचं, हे त्यालाही माहीत होतं."

तंबूत सगळे होते. विल्फबरोबर चाळीस वर्षं एका यंत्रावर काम केलेले होते, त्याची शवपेटी खांद्यावर घेतलेले होते. सगळ्यांनी चहाच्या कपात तोंडं घातली. कारण सिरिल क्लबाचा चिटणीस, आणि हिवाळ्यानंतर चांगले कंद हवे असले तर त्याच्याच दारात जावं लागतं. मी सुरी हातात घेऊनच बोलले, की मी स्वतः विल्फच्या अंगणात हे बघितलंय. पण सँडविच वाटणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? थेल्मा फुलाशेजारी उभी राहून फोटो काढून घेत होती. तिचा तसा दोष नव्हता. तिला खरंच वाटत होतं की नवऱ्यानं आयुष्यात एकदा तरी तिच्यासाठी काही केलं.

एनिडनं भांडण केलं नाही. ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आत, सिरिलनं कंद खणून काढले त्या दिवशी ती त्याच्या दारात गेली आणि विल्फच्या झुबक्यातला एक, फक्त एक कंद मागितला. मागच्या अंगणात लावायला, म्हणाली. प्रदर्शनात नेणार नाही. सिरिलनं सांगितलं की नवी जात दोन-तीन वर्षं घराबाहेर जाऊ द्यायची नसते. साठा वाढेपर्यंत कुणालाच नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही. आणि वर तिच्या हातात थेल्मानं केलेल्या आल्याच्या केकचा तुकडा ठेवला. तो तुकडा एनिडनं माझ्या कोंबड्यांना घातला. कोंबड्यांसमोर उभी राहून ती मला म्हणाली, "हेटी, मला ते फूल परत हवंय. आणि त्याच्याकडे ते नकोय. दोन्ही." तेव्हा तिचं तोंड असं होतं की मी थट्टा करायची सोडून दिली.

नोव्हेंबरात लोकर आली. म्हाताऱ्यांच्या पोटमाळ्यावर ऊब धरून ठेवणारी लोकर फुकट घालून द्यायची अशी सरकारी योजना होती. आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी नावं दिली. काचेच्या तंतूंची, पिवळी, अंगाला लागली की दोन दिवस खाज सुटणारी ती लोकर, तिच्या गाद्यांएवढ्या गुंडाळ्या प्रत्येकाच्या दारात येऊन पडल्या.

सिरिलला वाऱ्याचं पहिल्यापासून वावडं. त्याच्या घरात प्रत्येक दाराच्या उंबऱ्याशी वाळू भरलेला मोजा, कुलपाच्या भोकात कागद, पत्रं टाकायच्या फटीला आतून गोधडी. दार क्षणभर उघडं राहिलं की तो पाहुण्याला विचारायचा, तुझा जन्म गोठ्यात झाला का? त्यात त्याचे कंद पोटमाळ्यावर. तुळयांवर फळ्या टाकून, कोरड्या वाळूच्या पेट्यांत, प्रत्येक झुबक्याला चिठ्ठी बांधून तो ते वर्षानुवर्षं तिथंच ठेवायचा. परक्या माणसांनी वर चढून थेल्मा लंब बघावी, एखादा कंद खिशात घालावा, हे त्याला कसं चालणार? लोकर घालायला आलेल्या माणसांना त्यानं दारातूनच परत पाठवलं, गुंडाळ्या ठेवून घेतल्या आणि दोन दिवस खोकत, शिव्या देत स्वतःच वर राबला. उतरला तो गुडघा धरूनच.

दुसऱ्या आठवड्यात तीच माणसं एनिडकडे आली. त्यांचा म्होरक्या ब्रेंडन, तोंडानं सतत शीळ घालणारा लठ्ठ माणूस. मी चहा द्यायला गेले होते. तो शिडीवरून खाली डोकं काढून म्हणाला, वर येऊन बघा जरा. एनिड चढली, मी तिच्यामागून डोकं वर काढलं.

त्यानं आधी एनिडची बाजू दाखवली. लोकर तुळयांमध्ये नीट पसरलेली, पण वळचणीशी, जिथं छप्पर उतरून भिंतीला टेकतं, तिथं तळहाताएवढी जागा मोकळी. त्या फटीतून उजेडाची रेघ दिसत होती आणि वारा आत येत होता. मग त्यानं बॅटरी सिरिलच्या बाजूला वळवली. तिकडे रेघ नव्हती. सिरिलनं लोकर वळचणीत ठासून भरली होती, आणि कुठं कमी पडली तिथं जुना गालिचा फाडून कोंबला होता.

"हे कुणी केलं, देव जाणे," ब्रेंडन म्हणाला. "घरातली वाफ वर येते, बाई. आंघोळीची, किटलीची, सगळी. ती या फटींतून बाहेर गेली नाही तर कौलांखालच्या डांबरी कागदाला लागून पाणी होते आणि परत खाली टपकते. त्यात आता ऊब लोकरीखालीच अडली. माळा उघड्यावर पडल्यासारखा गार होणार. सध्या तुमच्या बाजूच्या वाऱ्यावर दोन्ही घरं तगताहेत. शेजाऱ्याला सांगा, ते सगळं दोन वीत मागे ओढ म्हणावं. आणि त्या पेट्यांत काय आहे ते खाली आणून ठेव."

एनिड म्हणाली, सांगते. माणसं गेली. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तिनं आपल्या चहात साखर घातली. विल्फ गेल्यापासून तिनं साखर सोडली होती, म्हणून मला आठवतं.

"सांगणार आहेस?" मी विचारलं.

"मी? मी कोण सांगणारी? डेलियातलं सगळं त्याला कळतं."

मग ती कपात चमचा फिरवत राहिली. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळत होतं, कारण माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं. सिरिलची बाजू बंद आहे. उरली एनिडची. ती फट बुजवायला तिच्याकडे लोकरीची एक उरलेली गुंडाळी होती.

मी म्हटलं, अगं पण विल्फचं फूल त्याच पेट्यांत आहे. ती म्हणाली, ते आधी काढून आणते.

रविवारी दुपारी सिरिल आणि थेल्मा नेहमीसारखे क्लबात जेवायला गेले. एनिडनं विल्फची पँट चढवली, डोक्याला रुमाल बांधला आणि वर चढली. मी शिडी धरून खाली. वरून तिच्या गुडघ्यांचा आवाज माझ्या डोक्यावरून हळूहळू अकरा नंबराकडे गेला. मग शांत.  चर्चमधल्या सगळ्या बायकांना मी काय सांगणार, की सग्डेनची विधवा शेजाऱ्याच्या छतातून खाली कोसळली तेव्हा मी शिडी धरून उभी होते?

ती आली तेव्हा तोंडाला जळमटं आणि खिशात दोन कंद होते. अख्खा झुबका उचलला असता तर पेटीत खड्डा दिसला असता आणि सिरिलनं पोलीस बोलावले असते. म्हणून तिनं थेल्मा लंबच्या चिठ्ठीखालचे दोन सगळ्यांत गुबगुबीत बघून गाजर मोडावं तसे मोडून आणले. एक चांगला रताळ्याएवढा होता. वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं ते फडताळात पिठाच्या डब्यामागे ठेवले. मग लोकरीची गुंडाळी घेऊन परत वर गेली आणि आपल्या बाजूची वळचण या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद करून टाकली. विल्फचा एक जुना स्वेटरसुद्धा कोपऱ्यात कोंबला. खाली उतरून हात धुताना ती गुणगुणत होती.

त्या वर्षी हिवाळा कडक पडला. नळ गोठले, चढावर दूधवाल्याची गाडी घसरली. आणि नऊ-अकराच्या छपराला आतून घाम फुटला. नाताळानंतर एनिडच्या बेडरूमच्या छतावर चहा सांडल्यासारखा डाग आला, मग डागाला काळी बुरशी आली, मग भिंतीवरचा कागद जिभेसारखा लोंबायला लागला. तिनं खाली बादली ठेवली आणि गादी ओढत बैठकीच्या खोलीत आणली. खोकलाही लागला. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, अगं तुझंच घर कुजतंय, बास कर आता, ओढ ती लोकर.

"कुजू दे," ती म्हणाली. "वर आधी काय कुजतंय ते मला माहीत आहे."

रात्री छतातून थेंब बादलीत पडला की तिला झोप लागायची, असं तिनं मला सांगितलं. बाईला इतकं खूश मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

पलीकडे सिरिलच्या छतालाही डाग पडले. त्यानं त्याचा ठपका थेल्मावर ठेवला. तू किटली फार उकळतेस, तू भांड्यांवर झाकण ठेवत नाहीस, तू आंघोळीला फार वेळ लावतेस. बिचारी थेल्मा आंघोळीला बहिणीकडे जायला लागली. खांद्यावर टॉवेल घेऊन बसस्टॉपवर उभी असायची आणि मला म्हणायची, श्वास तरी घेऊ का नको ते विचारून ठेवते त्याला. मला हसू आवरायचं नाही. पण वर जाऊन बघावं असं काही सिरिलच्या मनात आलं नाही. गुडघा सुजलेला, शिडी चढवेना, आणि दुसऱ्या कुणाला चढू देईल तर तो सिरिल कसला? कंद तिथं वीस वर्षं सुखरूप राहिले होते, याही वर्षी राहतील.

मार्चच्या सुरुवातीला डेलियावाले कंद खाली आणतात आणि काचेखाली ऊब देऊन जागे करतात. सिरिल एका पायावर जोर देत वर चढला. त्या सकाळी मी अंगणात कोळसा भरत होते. आधी आतून एक आवाज आला, रेड्यासारखा. मग तो एकेक पेटी घेऊन अंगणात यायला लागला आणि फरशीवर ओतायला लागला. वाळू भिजून काळी झाली होती. तिच्यात कंद नव्हते, चिखल होता. कुजक्या बटाट्यांची असते तशी घाण एनिडचं अंगण ओलांडून माझ्या अंगणात आली. सिरिल गुडघ्यांवर बसला, तो सुजलेला गुडघासुद्धा टेकून, आणि त्या चिखलात बोटं घालून काही टणक लागतंय का ते चाचपायला लागला. चिठ्ठ्या तेवढ्या शाबूत होत्या.

क्षणभर मला कसंसंच झालं, हे कबूल करते. मग तंबू आठवला, आणि बरं वाटलं.

ब्रेंडनला बोलावणं गेलं. तो शीळ घालत वर गेला आणि शीळ न घालता खाली आला. त्यानं काय सांगितलं असेल ते मला दुपारी कळलं. मी एनिडकडे बसले होते, तिनं संध्याकाळच्या जेवणासाठी बटाटे सोलून ठेवले होते, आणि दारावर थाप पडली. सिरिल उंबऱ्याबाहेर उभा होता. एनिडनं त्याला आत ये म्हटलं नाही, आणि दार उघडं ठेवून बोलायला त्यानं पहिल्यांदाच हरकत घेतली नाही.

"तुझ्या बाजूची वळचणसुद्धा बुजवलेली आहे," तो म्हणाला.

"हो."

"ब्रेंडन म्हणतो त्यानं मोकळी ठेवली होती. तुला सांगितलंही होतं."

"सांगितलं होतं. वारा लागत होता मला, सिरिल. तुला तर माहीत आहे, वारा किती वाईट."

त्याला उमगायला थोडा वेळ लागला. मग त्याचा रंगच उतरला.

"एक शब्द बोलली असतीस तर मी पेट्या खाली आणल्या असत्या."

"एक शब्द तूही लिहू शकला असतास," एनिड म्हणाली. "त्या कार्डावर जागा होती."

त्यानं रुमाल काढून नाक पुसलं. मग म्हणाला, ते गेलं आता. एकही राहिला नाही, कुणाकडेच नाही, मी कुणाला दिलाच नव्हता. या एका वाक्याची एनिड सबंध हिवाळा वाट बघत होती. ती फडताळाकडे गेली, पिठाचा डबा सरकवला आणि वर्तमानपत्राचं पुडकं आणून त्याच्यासमोर उघडलं.

"राहिलंय. आणि याचं नाव एनिड आहे."

मला वाटलं होतं तो चोर म्हणेल, ओरडेल. त्यानं चष्मा लावला. मोठा कंद उचलला, अंगठा फिरवत वरच्या टोकाशी आणला आणि तिथंच थांबला. मग धाकटा उचलला आणि उजेडाकडे धरून फार वेळ बघत राहिला.

"हे मधूनच मोडलेस तू."

"मग? डबाभर वाळू आणलीय मी. मेमध्ये लावणार."

"अगं हा बटाटा नव्हे." त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. "बटाट्याला अंगभर डोळे असतात, कुठलाही तुकडा पुरा. डेलियाला डोळा एकाच जागी, मान खोडाला चिकटते तिथं. तू मान वरच ठेवून आलीस. हा मोठा आंधळा आहे, एनिड. हा वर्षभर असाच फुगीर राहील आणि याला कोंब कधीच येणार नाही."

एनिडनं माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी आयुष्यभर बटाटेच लावत आलो होतो. आमच्या दोघींच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"आणि तो?" तिनं विचारलं.

"याला मानेची जराशी साल लागलेली आहे. हे एवढंसं." त्यानं नखानं दाखवलं. "सांगता येत नाही. खालून ऊब दिली, काचेखाली ठेवला, रोज बघितला, तर कदाचित. तुझ्याच्यानं नाही होणार. मला दे. मी जगवीन त्याला."

"आणि नाव?"

"तुझं लिहीन. शप्पथ."

"क्लबात उभा राहून सांगशील? सगळ्यांसमोर? की हे विल्फचं होतं आणि तू चोरलंस?"

सिरिलनं तोंड उघडलं. मग त्याची नजर आपल्या दाराकडे गेली. तिथं थेल्मा बादली घेऊन फरशी धूत होती.

"थेल्माला काय सांगू मी?" तो हळू आवाजात म्हणाला. "तिनं सगळ्या बहिणींना फोटो पाठवलेत गं. आधी उगवू तर दे. मग बघू."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, एनिड, दे त्याला. लबाड असला तरी त्याचे हात चांगले आहेत. फूल तर राहील. कुणाच्या का नावानं असेना, विल्फचं फूल जगात राहील. मी हे मनापासून म्हटलं, आणि अजूनही मला कळत नाही की मी बरोबर होते की नाही.

एनिडनं हात पुढे केला. सिरिलला वाटलं असणार की ती त्याचा हात धरतेय, कारण त्याचा चेहरा उजळला. तिनं त्याच्या तळव्यावरून धाकटा कंद उचलला, मोठा घेतला, आणि दार लावलं. आपटलं नाही, नेहमीसारखं लावलं. बाहेर तो बराच वेळ उभा होता, दाराखालच्या फटीतून त्याचे बूट दिसत होते. दोनदा त्यानं तिचं नाव घेतलं. मग बूट गेले.

तिनं सुरी घेतली आणि मोठा कंद सोलायला बसली. मला आधी कळलंच नाही. तो कापून तिनं बटाट्यांच्या पातेल्यात टाकला, तेव्हा कळलं. मग धाकटा हातात घेतला.

"अगं, त्याला कदाचित येईलही कोंब," मी म्हटलं. 

"येईलही," ती म्हणाली. "आणि मग तो बघू म्हणेल. सिरिलच्या हातचं 'कदाचित' मला नको, हेटी."

धाकटाही तिनं सोलला. ती सुरी चालवत होती तेवढा वेळ मी खिडकीबाहेर बघत राहिले. पातेलं उकळलं, झाकणाखालून वाफ निघाली आणि वर छताकडे गेली. तिनं पाणी काढलं, लोणी घातलं, मीठ घातलं, दोन बशा मांडल्या आणि मला बस म्हणाली. मी बसले. बटाटा कुठला आणि ते कुठलं हे पहिल्या घासालाच कळत होतं. ते पाणचट होतं, थोडं सलगमासारखं, चव अशी काही नाही. एनिडनं आपली बशी संपवली. माझ्या बशीत उरलं होतं तेही आपल्याकडे ओढून संपवलं. मग काटा खाली ठेवला आणि ती रडली. विल्फच्या दफनाच्या वेळी तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी निघालं. ती सिरिलसाठी रडत नव्हती आणि घराच्या छतासाठीही नाही. तो काळपट लाल रंग आता कुणालाच दिसणार नव्हता, आणि ते तिनं स्वतः केलं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. दुसरं काय करणार?

तेवढ्यात भिंतीपलीकडून थेल्माचा आवाज आला. दारातलं तिनं सगळं ऐकलं होतं. कुणाचं फूल, कुणाचं फूल, सांग मला, ती किंचाळत होती, आणि सिरिल खालच्या पट्टीत काहीबाही समजावत होता. मग कपाटाचं दार आपटलं. बॅग ओढल्याचा आवाज आला. बहिणीकडे जाते आणि या वेळी आंघोळीला नाही, असं ती स्वच्छ म्हणाली.

एनिडनं ॲप्रनला डोळे पुसले. मला गप्प राहायची खूण केली, आणि आपली खुर्ची उचलून भिंतीला लावून बसली.